जुन्नरला जाताय? मग लेण्यांतले लेखही वाचा!

पावसाळा लागला की आपली तरुण पोरं माळशेज, नाणेघाट, शिवनेरी करत जुन्नर तालुका पालथा घालतात. फिरलंच पाहिजे. हे डोंगर कोणाची खासगी जहागीर नाहीत. पण तिथून आपण फोटोंशिवाय काय घेऊन येतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नाणेघाट हा सातवाहन काळातला व्यापारी मार्ग. कोकणातल्या बंदरांवरचा माल या घाटाने वर जुन्नरला येई. घाटातल्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी-हत्तींची यादी आहे. ही राजघराण्याची बाजू सगळेच सांगतात.

दुसरी बाजू जुन्नरभोवतीच्या डोंगरांत आहे. इथे दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक बौद्ध आहेत. त्यांतल्या धम्मलिपीतल्या लेखांत सामान्य दात्यांची नावं सापडतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिलं. यवनांनी, म्हणजे ग्रीकांनीही दान दिलं. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धम्मकार्यासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. पुढे ज्या बुरुडाला जातिव्यवस्थेने गावाच्या कडेला ढकललं, त्याचा धंदा करणाऱ्यांवर त्या काळी पैशाचा विश्वास टाकला जात होता! जात सनातन आहे म्हणणाऱ्यांना यापेक्षा रोकडा जबाब कोणता?

आणि ती पोढी विसरू नका. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. धुळीने माखलेले हातपाय टाक्यावर धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून कालवा झाला. आत पाण्याला हात लावू नये म्हणून त्यांच्यासोबत शिपाई दिला गेला. एका डोंगरात पाणी हे दान होतं, दुसऱ्यात तेच पाणी विटाळाचं कारण झालं. मधल्या काळात काय घडलं, हे विचारणं म्हणजेच इतिहास वाचणं.

लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेणाऱ्यांशी आमचं भांडण नाही. पण तो गणपती ज्या सात क्रमांकाच्या लेण्यात आहे तो भिक्खूंचा विहार आहे, भोवतीच्या खोल्या त्यांच्या निवासाच्या आहेत, हे शाळेच्या सहलीतल्या प्रत्येक मुलाला कळलंच पाहिजे. फलकावर ‘बौद्ध लेणी’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. प्रत्येक लेखाचा मराठी अर्थ त्या लेखाशेजारी लावा, ही मागणी आपण पुरातत्त्व खात्याकडे लेखी करू.

तोवर धम्मलिपी शिका. अक्षरं थोडी आहेत, चार रविवार दिलेत तरी ओळख होते. पुढच्या सहलीला वही न्या, लहान भावंडांना सोबत न्या, आणि दात्यांची नावं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

जय भीम!