शिष्यवृत्ती मिळाली, पण छताचे काय?

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या आपल्या मुला-मुलींचे आपण अभिनंदन करतो. पण ती तिथे राहणार कुठे, हा प्रश्न मागेच पडतो. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी वार्षिक निर्वाह भत्ता ९,९०० पौंड आहे. ब्रिटिश व्हिसा नियमांनी जानेवारी २०२५ पासून लंडनमधील राहण्या-खाण्याचा खर्च महिन्याला १,४८३ पौंड धरला. म्हणजे नऊ महिन्यांचेच १३,३४७ पौंड! लंडनबाहेरही १०,२२४.

विद्यापीठाचे वसतिगृह सोयीचे, पण जागा मर्यादित. होमस्टेत जेवण मिळू शकते, पण त्या कुटुंबाचे नियम पाळावे लागतात. खासगी खोलीसाठी घरमालक अनेकदा ब्रिटनमधलाच जामीनदार मागतात. घरातून पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या मुलीने तो आणायचा कुठून?

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते लंडनचे घर राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले, याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच शहरात आज शिकणाऱ्यांना साधी खोली तरी परवडली पाहिजे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : भत्ता व्हिसाच्या हिशेबाशी जोडा आणि पहिला हप्ता विद्यार्थी निघण्यापूर्वी द्या. विद्यार्थ्यांनीही प्रवेश मिळताच वसतिगृहाचा अर्ज भरावा. खात्री केल्याशिवाय कुणाच्या खात्यात अनामत भरू नये.

जय भीम!