वादळाची वाट कशाला?

३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनवर आदळलं, तेव्हा आम्ही श्रीवर्धनला आजीकडे होतो. लॉकडाऊनचे दिवस, ‘मुंबईहून आलेत’ म्हणून शेजारी चार हात लांबच. दुपारी कौलं उडाली, नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली. तेव्हा त्याच शेजारच्या काकू ओरडल्या, “आधी पोरांना घेऊन आत या!” पुढे कित्येक दिवस वीज नाही, पाणी त्यांच्या विहिरीचं, भात त्यांच्या चुलीवरचा. पंचनामेवाले नंतर आले, काका कोयता घेऊन आधी.

मी कॉन्व्हेंटवाला. ‘माय नेबर’वर निबंध पाठ होता, शेजारी कळला तो तेव्हा. आणि आपल्या होस्टेलवर? बाजूच्या रूममधला तापाने फणफणतो, आपल्याला तीन दिवसांनी मेसमध्ये कळतं! मित्रांनो, आजच शेजारचं दार वाजवा.