आकाश पंचांगवाल्यांच्या ताब्यात किती दिवस?

जमिनी गेल्या, पाणवठे अडवले गेले, लेखणी हाती येऊ दिली नाही. हा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु मनुवादी व्यवस्थेने आणखी एक मालमत्ता गिळंकृत केली आणि तिच्याबद्दल चळवळीतही फारसे कोणी बोलत नाही. ती मालमत्ता म्हणजे आकाश. सूर्य, चंद्र, तारे कोणाच्याही सातबाऱ्यावर नाहीत. तरीही त्यांचा हिशेब एका वर्गाने पंचांगात बांधला आणि दक्षिणा घेऊन शेकडो वर्षे विकला. पेरणी कधी करायची, लेकीचे लग्न कोणत्या दिवशी लावायचे, बाळंतीण कोणत्या नक्षत्रावर मोकळी झाली, सारे विचारायला जायचे त्यांच्याच ओसरीवर. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात ग्रहदशेची भीती घालून जन्मापासून मरणापर्यंत कुणब्याला कसे नागवले जाते हे तपशीलवार मांडले आहे. या गोष्टीला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. ओसरी गेली, तिच्या जागी टीव्हीवरचा बाबा आणि मोबाईलवरचे राशिभविष्य आले. धंदा तोच आहे.

हे आकाश आमच्या मुलांनी परत कसे घ्यायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आमचे उत्तर साधे आहे. कागद घ्या, कोळसा घ्या, खडू घ्या आणि आकाश काढायला बसा. खगोलशास्त्र चित्रकलेतून शिकवा.

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशिमकडे निघाले की मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. येथून नागपूरचे रामन विज्ञान केंद्र अडीचशे किलोमीटरच्या पुढे आणि पुण्याचे आयुका चारशेच्या पुढे. आयुकात डॉ. जयंत नारळीकरांच्या काळात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. चांगले काम झाले, त्याबद्दल आदर आहे. पण मेडशीच्या जिल्हा परिषद शाळेतले पोर तिथे पोहोचणार कधी? मजुरी बुडवून त्याचा बाप त्याला पुण्याला नेईल काय? उलट पुण्या-मुंबईच्या पोराला विजेच्या झगमगाटात जे आकाश दिसत नाही, ते मेडशीच्या पोराला रात्री बाजेवर पडल्या पडल्या दिसते. तारांगण त्याच्या डोक्यावर आहे, फक्त ते त्याचे आहे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

चित्र कशाला, थेट पुस्तकातून शिकवा, असे काही शिक्षक म्हणतील. त्यांच्यासाठी एक जुनी हकिगत. १६०९ साली इंग्लंडात थॉमस हॅरियट नावाच्या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली ती त्यानंतर काही महिन्यांनी. पण हॅरियटच्या कागदावर उमटली ती एक वाकडीतिकडी रेघ आणि काही डाग. गॅलिलिओला छायाप्रकाश रंगवता येत होता. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचे ठिपके पाहून तो समजला की हे डाग नव्हेत. या डोंगरांच्या, खड्ड्यांच्या सावल्या आहेत. त्याने चंद्र शाईच्या छटांनी रंगवला आणि १६१० साली पुस्तकात छापला. चंद्र म्हणजे दैवी, गुळगुळीत, निष्कलंक गोळा नाही, तोही दगडमातीचाच आहे, हे धर्मपीठाला न रुचणारे सत्य जगापुढे आले. विशेष म्हणजे गॅलिलिओचे चित्र प्रसिद्ध झाल्यावर हॅरियटलाही खड्डे दिसू लागले! दोघांच्याही हाती दुर्बीण होती. फरक हाताच्या सवयीत होता. पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि चित्र काढताना ती जितकी शिकता येते तितकी पाठांतराने येत नाही. पाठांतर ही तर त्यांचीच परंपरा. अर्थ न कळता घोकायचे आणि दुसऱ्याला ऐकूही द्यायचे नाही.

आता मेडशीच्या शाळेच्या मैदानात काय करता येईल ते पाहू. एक मीटर लांबीची सरळ काठी जमिनीत उभी रोवा. रोज दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होते, घड्याळात साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. ती खडूने किंवा चुन्याने आखा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्यातून एकदा केले तरी पुरे. वर्षभराने मैदानावर जे चित्र तयार होईल ते कोणत्याही पंचांगापेक्षा खरे असेल. मेडशीच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९५ सेंटीमीटर भरते. वर्षातली ही सर्वांत लांब दुपारची सावली. त्यानंतर ती आखडू लागते, म्हणजेच सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. उत्तरायण सुरू होते ते त्या दिवशी. मग १४ जानेवारीला उत्तरायण लागले म्हणून तीळगूळ वाटतात ते काय? त्या दिवशी पोरे सावली मोजतील तेव्हा ती ८९ सेंटीमीटरच्या आसपास आलेली असेल. सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला, भटजींना पत्ता नाही! सहा सेंटीमीटरची ही चुन्याची रेघ पाचवीच्या पोरीने स्वतः ओढली, की उद्या तिला कोणी मुहूर्त सांगून फसवू शकणार नाही.

ही चूक दाखवणारा शास्त्रज्ञ कोण होता तेही तिला सांगा. डॉ. मेघनाद साहा. जन्म १८९३, पूर्व बंगालातल्या ढाक्याजवळच्या खेड्यात, हलकी समजल्या जाणाऱ्या जातीत. बाप छोटा दुकानदार. कोलकात्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्यांना आपल्या पंगतीत जेवू दिले नाही. याच साहांनी १९२० साली जे समीकरण मांडले त्याच्या आधारे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि त्यांतली द्रव्ये समजू लागली. पुढे भारत सरकारने दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली तिचे अध्यक्ष साहाच होते. देशभरातली पंचांगे सूर्याच्या खऱ्या स्थितीपासून तेवीस दिवसांनी चुकलेली आहेत हे या समितीने सप्रमाण दाखवले. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती सरकारी कागदावर राहिली आणि लोकांच्या भिंतीवर जुनेच चालू राहिले. बाबासाहेबांपेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या या शास्त्रज्ञाचा फोटो आमच्या किती शाळांत आहे?

सावलीची आणखी एक गंमत. मे महिन्याच्या २१-२२ तारखेला मेडशीत भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर दोन महिने दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. पण मे महिन्यात शाळेला सुटी आणि जुलैत पुन्हा सावली नाहीशी होण्याचा दिवस येतो तेव्हा आभाळ भरलेले. म्हणून हे काम केवळ शाळेवर टाकून चालणार नाही. उन्हाळ्यात बुद्धविहार मोकळे असते, विहाराला अंगण असते. तिथे काठी रोवायला कोणाची परवानगी लागते?

रात्रीचे काम तर विहारातच शोभेल. आपल्या घरांत पौर्णिमा पाळली जाते. वैशाख पौर्णिमा, वर्षावास सुरू होतो ती आषाढ पौर्णिमा, तो संपतो ती आश्विन पौर्णिमा, या तारखा मुलांना ठाऊक असतात. अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागी बसून चंद्र काढायला लावा. काळा कागद, पांढरा खडू. खाली समोरचे झाड, पाण्याची टाकी, शेजारचे छप्पर, आणि त्यांच्यावर चंद्र कुठे आहे ते. पाचव्या दिवशी पोरे आपणहून सांगतील की चंद्र रोज पूर्वेकडे सरकतो आणि त्याची उजळ बाजू नेहमी मावळत्या सूर्याकडे असते. चंद्रकोर पृथ्वीच्या सावलीमुळे होते असे अनेक शिकलेल्या माणसांनाही वाटते. तेरा कागद ओळीने भिंतीला लावले की हा गैरसमज जातो, व्याख्यान द्यावे लागत नाही. आकाशावरून भाकिते करून पोट भरणे हे भिक्खूंना शोभत नाही, असे दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात स्पष्ट आले आहे. ग्रहणाचे भाकीतही त्या यादीत आहे. विहाराच्या भिंतीवर चंद्राची चित्रे लावणे हे त्या शिकवणुकीला धरूनच होईल.

ताऱ्यांचे म्हणाल तर आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याला पुस्तकात सप्तर्षी म्हणतात त्याला खेड्यातली जुनी माणसे बाज म्हणतात. चार तारे बाजेचे खूर आणि मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. तेच तारे इंग्रज शेतकऱ्याला नांगर दिसले, अमेरिकेत पळी दिसली, ग्रीकांना अस्वल दिसले. आकाशात ऋषीही नाहीत आणि अस्वलही नाही. जो पाहतो तो आपल्या घरातली वस्तू तिथे काढतो. कष्टकऱ्याने बाज काढली, पुरोहिताने ऋषी बसवले. पोरांना ठिपक्यांचा कागद द्या आणि सांगा, तुम्हाला काय दिसते ते जोडा. कोणी विळा काढील, कोणी एसटी काढील, कोणी मोबाईल. हे झाल्यावर मुलाला राशी काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मेष, वृषभ, मिथुन ही कोणीतरी काढलेली चित्रेच आहेत आणि चित्र कोणाचे लग्न मोडू शकत नाही. नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. ज्या सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली त्यांची बरोबर उत्तरे सरासरी शेकडा ४६. नाणे उडवले असते तर याहून बरा निकाल लागला असता. तरीही याच फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत घालण्याचा उद्योग २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने केला, हे विसरता येणार नाही.

वाशिमच्या शेजारी, रिसोड तालुक्याला लागून असलेल्या लोणारला तर चित्रांच्या वह्या घेऊन सहलच काढली पाहिजे. तिथे लवणासुराची कथा सांगितली जाते. असुर मारला म्हणून खड्डा पडला! खरे काय ते खडकात लिहिलेले आहे. अशनी आदळला आणि काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्यांना आपल्याकडे ससा म्हणतात, तोही बेसॉल्टच. म्हणजे मेडशीच्या बांधावरचा काळा दगड आणि चंद्रावरचा ससा एकाच जातीचे. जात हा शब्द येथे मात्र आनंदाने वापरता येतो.

आता आक्षेपाकडे येऊ. पोटाचा प्रश्न मोठा असताना, आरक्षणावर घाला पडत असताना, कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळांची भाषा होत असताना तारे काय काढायचे, असे कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्यांना आम्ही रोहित वेमुलाची आठवण करून देतो. हैदराबाद विद्यापीठातला हा आमचा संशोधक विद्यार्थी १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले. त्या पत्रात तारे आहेत. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या, शिष्यवृत्ती अडकलेल्या पोरालाही आकाश हवे होते. ते पोटानंतरचे, चैनीचे म्हणून त्याला वाटले नाही. आम्हाला तरी का वाटावे?

वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे संविधानाच्या ५१क अनुच्छेदाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. आपापल्या गावच्या शाळेत तो आहे का, शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आपल्या माणसांनी पुढच्याच बैठकीत विचारावे. नसेल तर लेखी मागावा. आणि एक कडू गोष्ट आपल्या माणसांनाही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जो पैसा उडवतो, त्यात मालेगाव तालुक्यातल्या कितीतरी विहारांना वर्षभर पुरतील एवढे कागद आणि खडू येतील. जयंती जोरात व्हावी, त्याला विरोध नाही. पण मिरवणुकीच्या चित्ररथावर एकदा पोरांनी काढलेले चंद्राचे तेरा कागद लागू द्या. कार्यशाळेचे उद्घाटन सरस्वतीपूजनाने करणारे उत्साही शिक्षकही भेटतील. त्यांना सावित्रीमाईंचा फोटो आणून द्यावा, वाद घालू नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, दुपारनंतर. शाळेचा दिवस आहे. त्या दिवशी वेध पाळा, घरात बसा, गरोदर बाईने विळी हाती धरू नये, हे सांगणारे सांगतीलच. मेडशीच्या शाळेत पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून आलेला सूर्य पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि दर दहा मिनिटांनी पेन्सिलीने गिरवावा. डोळे सूर्याकडे लावायचे नाहीत, पाठ करून उभे राहायचे. पावसाळा आहे, ढग आले तर कागद कोरा राहील. मग कोरा कागदच वेळ घालून वहीत लावायचा.