मुलांचे प्रश्न

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारिलें, "सर, समुद्र निळा दिसतो, मग तेंच पाणी ओंजळींत घेतलें कीं त्याचा रंग जातो कोठें?" तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागें पडला होता. "हें परीक्षेला नाहीं," असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्यानंतर कित्येक महिने त्यानें आमच्या तासाला तोंड उघडलें नाहीं. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. घरोघरींही हेंच चालतें, मुलानें दोनदां 'कां' म्हटलें कीं, "नसत्या चौकशा पुरेत, पुस्तक वाच!"

वस्तुतः तो प्रश्न लहान नव्हता. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून 'नार्कुंडा' बोटीनें मुंबईस परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांस हाच प्रश्न पडला. ती निळाई म्हणजे आकाशाचें प्रतिबिंब, असें लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें सांगून ठेविलें होतें. दुसरा कोणी तेवढ्यावर स्वस्थ बसला असता. रामन यांजजवळ निकोलचा लोलक होता. त्यांतून ठराविक कोनानें पाहिलें असतां पाण्याच्या पृष्ठावरून परावर्तन पावणारा प्रकाश अडविला जातो. त्यांनीं तसें पाहिलें, तों आकाशाचें प्रतिबिंब गेलें आणि निळाई राहिलीच! पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हें त्यांचें उत्तर. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें, हेंही त्या निळाईचें मोठें कारण होय, हें आज आपण जाणतों; तेव्हां तें उत्तरही पुरें नव्हतें.) त्या विखुरण्याचा माग काढीत ते कलकत्त्यास प्रयोग करीत राहिले. विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून बाहेर पडतो, हें कृष्णन यांच्या साहाय्यानें २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं निश्चित झालें, आणि १९३० सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

पालक म्हणतील, आमचा मुलगा कांहीं रामन होणार नाहीं. न होवो! परंतु साधें चित्र काढावयाचें किंवा निबंध लिहावयाचा, तरी आधीं एखाद्या वस्तूकडे टक लावून पाहावेंसें वाटलें पाहिजे. आणि दहा वेळां दटावल्यावर तें वाटणें शिल्लक राहत नाहीं. बारा वर्षांचा येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न विचारीत होता, असें लूक सांगतो. आम्हांस त्या गुरुजनांचेंही कौतुक वाटतें; त्यांनीं त्यास बसूं दिलें.

नाताळच्या सुटीपूर्वीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून वरील हकीकत सांगितली. सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग सर, ढग पांढरे कां?" सोमवारीं ये, असें आम्हीं त्यास सांगितलें, आणि संध्याकाळीं पुस्तकें काढून बसलों.