तिसरा हिस्सा

मुंबईच्या जमिनीच्या नियमांची उठाठेव रोहण्याच्या बाजारात बसणाऱ्याने कशास करावी, असे कोणी विचारील. वर्धा जिल्ह्याचा कापूस पिढ्यानपिढ्या त्या मुंबईस गेला. आता तेथे, व नागपूर-पुण्यासही, आमची मुले पोटासाठी जातात. त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न मग परक्याचा कसा?

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुतापेक्षा जमिनीचाच भाव चढला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने ह्या जमिनीची वाटणी ठरविली ती ढोबळ मानाने अशी : तिसरा हिस्सा महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडास घरांसाठी, उरला तो मालकास. 2001 साली सरकारने हा नियम रद्द केला नाही. केला असता तर गहजब झाला असता. वाटणी होईल ती केवळ मोकळ्या जमिनीची, एवढाच फेर केला. इमारती पाडल्यावर सुटणारी जमीन पूर्वी हिशेबात येई, ती गळाली. शेड आणि गोदामे वगळल्यावर गिरणीत मोकळे असे उरते किती? भागीदाराचा हिस्सा तिसराच ठेवावा, पण हिशेब मात्र गल्ल्यातील चिल्लरीपुरताच दाखवावा, त्यातला हा प्रकार होय. व्यापाऱ्यांस तो अधिक समजावून सांगावयास नको.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली सरकारविरुद्ध निर्णय दिला; मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा फेर ग्राह्य धरला. तो निर्णय शिरसावंद्य आहे. परंतु जे कायदेशीर ते न्याय्यच, असे कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात आमच्या वाचनात आलेले नाही.

पुढल्याच वर्षी, 2007 मध्ये, विधिमंडळाने 1976 चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा राज्यातून उठविला. तो नीट चालला होता असे आम्ही म्हणत नाही. सवलतींनी त्याची चाळण झाली होती. पण भोके बुजविण्याऐवजी भांडेच फेकले गेले. 2013 साली दहा लक्षांहून मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा अधिक जमिनीच्या विकासात वीस टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आला. नागपूर त्यात येते.

हे ओझे अखेर ग्राहकाच्याच माथी बसते, असे बिल्डर मंडळी म्हणतात. बंधन आधीपासून ठाऊक असेल तर ते मुख्यतः जमिनीच्या भावातून वजा होते, कारण घेणारा तेवढे कमीच देतो. आणि तो भाव चढला कशाने? सार्वजनिक पैशाच्या रस्त्यांनी आणि पाण्याने. घराऐवजी रोकड भरून मोकळे होण्याची मुभाही आम्हांस मान्य नाही. रोकड तिजोरीत जाते. मजूर तिजोरीत राहात नाही.

अशा बंधनात ढिलाई करावयाची तर ती विधिमंडळात, उघड चर्चेने व्हावी. आज नियमावलीतील फेर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली, सूचना प्रसिद्ध करून व हरकती मागवून होतात. तशी सूचना निघाली म्हणजे ज्यांची मुले शहरात आहेत त्यांनी मुदतीत लेखी हरकत घ्यावी. हिस्सा किती हे मागाहून पाहावे. तो कोणत्या जमिनीवर मोजावयाचा, ते शब्द आधी शोधावेत.