घाम इथला, कागद गावचा

मार्च २०२४. नागपुरातले रेशीमबागेचे कविवर्य सुरेश भट सभागृह. ज्या कवीने आयुष्याच्या उत्तरार्धात धम्म स्वीकारला, त्याच्या नावाच्या इमारतीत बांधकाम कामगारांना गृहोपयोगी वस्तूंचे संच वाटायचे होते. ताटे, पातेली, कुकर. गर्दी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि एका बाईचा जीव गेला. दोन दिवस बातम्या आल्या, नेत्यांनी एकमेकांवर आरोप केले, मग निवडणूक आली आणि विषय संपला.

त्या दिवसांत आपल्याच वस्तीतल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून आम्ही ऐकले की "फुकटच्या भांड्यांसाठी लोक जीव देतात". हे वाक्य आम्हाला त्या चेंगराचेंगरीइतकेच झोंबले. कारण ती भांडी फुकटची नव्हती. ती कोणत्या आमदाराच्या खिशातली नव्हती आणि सरकारच्या तिजोरीतलीही नव्हती. १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकामाच्या खर्चाच्या किमान एक टक्का उपकर मालकाकडून घेतला जात होता आणि तो कामगारांच्या कल्याण मंडळात जमा होत होता. ज्या हातांनी उड्डाणपूल उभा केला, त्या हातांच्या नावाने तो पैसा कापलेला आहे. स्वतःच्याच पैशासाठी रांगेत उभे राहून माणूस मेला, आणि आपण त्याला 'लाभार्थी' म्हणतो. हा शब्दच आपण आपल्या तोंडातून काढून टाकला पाहिजे. लाभ देणारा वर असतो, घेणारा खाली असतो. हक्काला असे वर-खाली नसते.

उद्योगावर उपकर बसवायचा, त्याचा वेगळा निधी करायचा आणि तो कामगारांच्या घर-पाणी-औषधावरच खर्च करायचा, ही रीत या देशात कोणाच्या हातून रुजली हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला, आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे हाती घेतली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्यातून खाणमजुरांची घरे, पाणी, दवाखाने. १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठी तसाच कायदा झाला. आपण १४ एप्रिलला 'संविधानाचे शिल्पकार' म्हणतो आणि मजूरमंत्री आंबेडकर विसरतो. ज्या कामठीतून बाबू हरदासांनी आपल्याला 'जय भीम' दिला, त्याच कामठीत ते विडी मजुरांची संघटना बांधत होते, हेही आपण विसरतो. त्या विडी कामगारांसाठीचा १९७६ चा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर रद्द झाला. त्याविरुद्ध आपल्यातल्या कोणी मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही. आम्ही स्वतःही काढला नाही.

बांधकामाचा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २००७ चे. मधली अकरा वर्षे इमारती उभ्या राहायच्या थांबल्या नव्हत्या. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालातले आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत: देशभरात सुमारे ३७,४०० कोटी रुपये उपकर गोळा झाला, आणि कामगारांवर खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. बाकीचे २८,००० कोटी पडून. याच खटल्यात असेही उघड झाले की काही राज्यांत या पैशातून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेतली गेली. ज्या बाईला धुवायला दोन लुगडी आहेत, तिच्या नावाचे धुलाई यंत्र कोणाच्या घरी चालते आहे ते सांगा!

पण आज आमचा मुख्य मुद्दा पैसा पडून राहण्याचा नाही. जो कामगार दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या जिल्ह्यातून आला आहे, त्याच्यापर्यंत तो पैसा पोहोचूच नये अशी रचना आहे, हा आहे.

आम्ही मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका ठिय्यावर काही दिवस सकाळी जाऊन बसलो. साडेआठ-नऊपर्यंत तिथे कुली, रेजा, मिस्त्री उभे असतात. बालाघाटचे, छिंदवाड्याचे, छत्तीसगडचे, आपल्या भंडारा-गोंदियाचेही. छत्तीसगडची एक रेजा सहा वर्षांपासून नागपुरात आहे. तिची मंडळात नोंदणी नाही. का, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. ठेकेदाराला विचारले तर तो सही करत नाही. त्याला वेड लागलेले नाही. सही केली की ही बाई आपली मजूर होती हे सिद्ध होते, आणि मग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई असे सगळे प्रश्न त्याच्या दारात येतात. शिवाय ठिय्यावरच्या माणसाला रोज नवा मुकादम. नव्वद दिवसांच्या नव्वद सह्या कोण गोळा करणार? ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारीही दाखला देऊ शकतो, पण तो विचारतो राहता कुठे. ती राहते अर्धवट बांधलेल्या इमारतीत, आणि इमारत पूर्ण झाली की पुढच्या. शेवटी एक दलाल भेटला. दोन हजारांत कार्ड करून देतो म्हणाला. सरकारी शुल्क एक रुपया आहे, हे तिला आमच्याकडूनच कळले.

तो दलाल कोण होता? निळा गमछा घालणारा, आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही.

कार्ड नाही म्हणजे काय गेले ते बघा. कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख. नैसर्गिक मृत्यूला दोन लाख. विधवेला पाच वर्षे दरवर्षी चोवीस हजार. साध्या बाळंतपणाला पंधरा हजार, शस्त्रक्रियेच्या बाळंतपणाला वीस हजार. मुलगा अकरावी-बारावीत गेला तर दहा हजार, पदवीला वीस हजार, डॉक्टरकीला एक लाख. म्हणजे ताटे-पातेली ही या यादीतली सर्वांत किरकोळ गोष्ट. पण फोटो काढता येतो तो ताटा-पातेल्यांचा. विधवेच्या चोवीस हजारांवर कोणाचा फोटो छापता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आता या रेजाच्या हातातले इतर कागद पाहा. रेशन कार्ड गावचे. 'एक देश एक रेशन कार्ड' आहे खरे, पण ते सगळ्या राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत लागू करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तोही लोक रस्त्यावर मेल्यानंतर. मतदार यादीतले नाव गावचे. आणि जातीचा दाखलाही गावचा. अनुच्छेद ३४१ प्रमाणे अनुसूचित जात ठरते ती 'त्या राज्याच्या संबंधात'. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यापासून २०१८ च्या बीर सिंग निकालापर्यंत न्यायालयाने हेच सांगितले आहे की दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला तिथल्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही. सतनामी हे नाव महाराष्ट्राच्या यादीतही आहे. तरी छत्तीसगडच्या सतनामी मजुराचा पोरगा नागपुरात आला की कागदावर अनुसूचित राहत नाही. ठेकेदाराच्या मटक्यातले पाणी पिताना मात्र त्याची जात सगळ्यांना ठाऊक असते. जात रेल्वेत बसून येते, संरक्षण फलाटावरच उरते.

इथल्या अनुसूचित जातींच्या नोकऱ्या आणि जागा बाहेरच्यांना द्या असे आम्ही म्हणत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यात इथल्या गरिबाचेच नुकसान होऊ नये. पण सातवीतल्या पोराची फी आणि वह्या यांचा आरक्षणाच्या वाट्याशी काय संबंध? केंद्राने द्यावे, मूळ राज्याकडून वळते करून घ्यावे. दोन सरकारांचा हिशेब पोराच्या डोक्यावर का?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाची जी चिरफाड केली ती आपल्याला माहीत आहे. संविधानाचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे, यावर त्यांनी समाधान व्यक्त केले होते. ते आपल्या माणसांना गाव सोडा, शहराकडे जा असे सांगत राहिले. माणसे निघाली. कल्याणकारी म्हणवणारे सरकार मात्र गावातच बसून राहिले. माणसाने गावकुस ओलांडली की त्याचे धान्य, मत, जात, विमा सगळे मागच्या मागे वेशीवर टांगलेले.

८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे. घरी जाणारी रेल्वे गाठायला भुसावळकडे चालले होते. रुळांवर पडलेल्या भाकऱ्या सगळ्या देशाने पाहिल्या. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत उत्तर आले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही. जो मोजलाच नाही त्याची भरपाई कशी द्यायची!

आता एका छोट्या देशाकडे बघू. फिलिपिन्स. तिथले लाखो लोक आखातात, सिंगापुरात, हाँगकाँगात घरकामगार, परिचारिका, खलाशी म्हणून जातात. १७ मार्च १९९५ रोजी सिंगापुरात फ्लोर कॉन्टेम्प्लासियन या फिलिपिनो घरकामगार बाईला फाशी झाली. देश पेटून उठला, आणि त्याच वर्षी त्यांच्या संसदेने स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यांच्या कल्याण मंडळात परदेशी जाणाऱ्या कामगाराच्या प्रत्येक करारामागे २५ डॉलर भरले जातात. मग तो सौदीत मेला तरी घरच्यांना नैसर्गिक मृत्यूचे एक लाख पेसो, अपघाती मृत्यूचे दोन लाख. मुलांना शिष्यवृत्त्या. संकटात सापडला तर परत आणण्याची जबाबदारी सरकारची. २००३ मध्ये त्यांनी परदेशातल्या फिलिपिनो नागरिकांना मतदानाचा हक्क दिला आणि २०२१ मध्ये कायद्याने स्वतंत्र खातेच काढले.

फिलिपिन्सचे सरकार काही करुणेने भरलेले नाही. माणसे बाहेर पाठवून डॉलर मिळवणे हा तिथे सरकारमान्य धंदा आहे, आणि त्याची किंमत मनिलातली आईविना वाढणारी पोरे मोजतात. पण त्या सरकारला एक गोष्ट कळली: माणूस सीमा ओलांडतो तेव्हा त्याचा हक्कही सीमा ओलांडला पाहिजे. मत ओलांडते म्हणून हक्कही ओलांडतो. आपल्याकडे आखातात जाणाऱ्या, दहावी न झालेल्या मजुराला निदान प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, दहा लाखांचा. बालाघाटहून नागपूरला येणाऱ्याला तेवढेही नाही. देशाबाहेर जाणारा मजूर सरकारला दिसतो, राज्याबाहेर जाणारा दिसत नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला आणले, पक्षांनी शंका काढल्या, यंत्र कपाटात गेले. शंका खऱ्याही असतील. पण यंत्र नको असेल तर दुसरा मार्ग कोणता, हे कोणत्या पक्षाने सांगितले?

आपल्यातलेच काही म्हणतात, इथल्यांनाच पुरत नाही, परप्रांतीयांना कशाला? त्यांना आम्ही विचारतो, आपल्या गडचिरोली-चंद्रपूरची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात तेव्हा ती कोण असतात? तिथला कोणी त्यांना हेच म्हणाला तर चालेल का? आणि पुरत नाही हे तर साफ खोटे आहे. २८,००० कोटी कशाला म्हणतात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे गेले. सरकार सांगते की नव्या संहितेत बांधकाम कामगाराला दुसऱ्या राज्यातही उपकराचे फायदे मिळण्याची तरतूद आहे. आहे. पण त्याच झटक्यात १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातला विस्थापन भत्ता, म्हणजे मजुरीच्या निम्म्याइतकी रक्कम, गायब झाली. पूर्वी पाच मजुरांना लागू होणारा कायदा आता दहांना लागू होतो. मुकादम नऊ-नऊच्या टोळ्या करील, तेवढे गणित त्याला येते. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामावरची उपकराची सूट दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. एका हाताने हक्क फिरता केला आणि दुसऱ्या हाताने निधीची विहीर आटवली.

आमचे म्हणणे साधे आहे. उपकर भरताना मालकाने त्या साइटवरच्या प्रत्येक मजुराचे नाव द्यावे, नाही तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळू नये. नाव आले की नोंदणी झाली. नव्वद दिवस सिद्ध करण्याचा भार मजुरावर नको, मालकावर हवा. पत्त्याचा पुरावा म्हणून साइटचा पत्ता चालला पाहिजे. संच वाटायचे तर सभागृहात नाही, साइटवर वाटा, आणि त्यावर कोणाचा फोटो नको.

हे सरकार आपणहून करणार नाही. त्यासाठी मागणारा पाहिजे, आणि या मजुराकडे इथे मत नाही, म्हणून त्याच्यासाठी मागायला कोणी येत नाही. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंसाठी आपण अन्नदानाचे मंडप घालतो, चांगलेच करतो. मे २०२० मध्ये पांजरीच्या टोल नाक्यावर चालत आलेल्यांना आपल्याच पोरांनी पाणी पाजले, चपला दिल्या, तेही चांगलेच केले. पण चपला दिलेल्या माणसाला आपण त्याचे नाव विचारले नाही, कोणत्या साइटवर होतास, ठेकेदार कोण, मजुरी किती बुडाली ते लिहून घेतले नाही. लिहिले असते तर लोकसभेतल्या त्या उत्तरासमोर ठेवायला आपल्याकडे एक वही असती.

येत्या रविवारपासून आम्ही सकाळी साडेसातला ठिय्यावर बसणार आहोत. नाव, मूळ गाव, साइट, मुकादम, मजुरी, दिवस, एवढेच लिहायचे. महिन्याच्या शेवटी त्याच वहीच्या आधारे मंडळाकडे सामूहिक अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही जातील. ज्यांना यायचे त्यांनी वही आणि पेन आणावा. छत्तीसगडी येत असेल तर फारच बरे. बॅनर आणू नका.