जुन्या संगणकावर नवी विंडोज : दवाखान्यात जुगाड किती चालेल?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला दुरुस्त्या पुरवणे थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांच्या ते लक्षातही आले नाही. बदलले ते एवढेच, की या प्रणालीत यापुढे एखादी फट सापडली, तर ती बुजवणारी दुरुस्ती आपोआप येणार नाही. लसीकरण थांबलेल्या गावात दुसऱ्या दिवशी साथ येत नाही. पण ती आली की आवरत नाही. इथेही तसेच आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न आता फक्त संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा उरलेला नाही. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव व घोडेगावची ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे काम ऑनलाइन नोंदींवर अवलंबून असते. गरोदर मातांची नोंद, क्षयरुग्णांची ‘निक्षय’वरील माहिती, औषधांचा साठा हे सारे संगणकात भरावे लागते. आहुपे किंवा भीमाशंकरच्या बाजूने सर्पदंशाचा रुग्ण घाट उतरून येतो, तेव्हा प्रतिविषाच्या साठ्याची नोंद बरोबर असणे ही कागदी औपचारिकता नसते.

‘विंडोज ११’ घ्यावी म्हटले, तर ती जुन्या यंत्रांना दारातच अडवते. तिला ‘टीपीएम २.०’ ही कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप लागते, ‘सिक्युअर बूट’ची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१८पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक चांगले चालत असूनही बाद ठरतात.

मग सुरू होतो जुगाड. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एक बदल करून किंवा ‘रुफस’सारख्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करून ही तपासणी चुकवता येते. प्रणाली बसते, चालतेही. पण अशा यंत्राला पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. ‘२४एच२’ या आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये ठरावीक क्षमता नसेल, तर फार जुना संगणक सुरूच होत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी खटाटोप केला, त्याच बेभरवशाच्या राहतात.

त्याचा परिणाम काय होतो, हे जगाने पाहिले आहे. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला वेठीस धरले. तिथे १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती बसवली गेली नव्हती. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि अनेक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम हाताने करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर एकाच संगणकावर चालणाऱ्या केंद्राचे काय?

म्हणून सगळ्या संगणकांना एकच औषध देऊ नये. घरातील किंवा विद्यार्थ्याच्या संगणकावर, आधी सर्व माहितीची प्रत काढून, असा प्रयोग करायला हरकत नाही. वैयक्तिक वापरासाठी ‘विंडोज १०’च्या वाढीव दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, त्यासाठी नोंदणी मात्र करावी लागते.

रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकावर जुगाड नको. संस्थांना वाढीव दुरुस्त्या जास्तीत जास्त तीन वर्षे विकत मिळतात. पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, असा तो हिशेब आहे. दुसरा मार्ग लिनक्सचा. ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये उघडणारी पोर्टल्स लिनक्सवरही चालू शकतात. मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र, प्रिंटर आणि डिजिटल सही तिथे चालते का, हे एका संगणकावर आधी तपासावे, मगच बाकीचे बदलावेत.

एक्स-रे, सोनोग्राफी किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक हा तिसरा प्रकार, आणि सर्वांत नाजूक. तिथले सॉफ्टवेअर ठरावीक प्रणालीवरच तपासलेले असते. उत्पादकाला विचारल्याशिवाय प्रणाली बदलली, तर यंत्र बंद पडू शकते किंवा चित्रे आणि अहवाल पुढे जाणे थांबू शकते. असा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा आणि त्याला कोणाचाही पेनड्राइव्ह लावू नये.

चालू स्थितीतले संगणक भंगारात काढायला लावणारे धोरण गरीब देशांना महाग पडते, ही तक्रार रास्त आहे. शासनाने त्यावर सामूहिक खरेदी आणि लिनक्सचे प्रशिक्षण असा मार्ग काढायला हवा. तोपर्यंत प्रत्येक केंद्राने निदान तीन गोष्टी कराव्यात : कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली आहे याची यादी, नोंदींची दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर प्रत, आणि संगणक बंद पडला तर हाताशी असावी अशी कागदी नोंदवही. हल्ला झालाच, तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. तो ईमेल पत्ता भिंतीवर लावून ठेवायला पैसे लागत नाहीत.